सहा फूट तीन बोटं

आमचे व्याही माझ्याकडे पहिल्यांदा लाकूड बघायला आले, तेव्हा त्यांनी गळ्यातली टेप काढली, अंगणात आडव्या पडलेल्या निलगिरीच्या ओंडक्याला मधोमध गुंडाळली आणि म्हणाले, "छाती बेचाळीस." मग बुंध्याकडे सरकले. "सीट शेहेचाळीस." शेंड्याकडे गेले. "कंबर अडतीस. व्याहीबुवा, गडी अंगानं बरा आहे, पण कोट शिवायचा म्हटला तर त्रास देईल."

मी म्हटलं, "मास्तर, कोट नाही शिवायचा. याचे खांब करायचेत."

"ते झालंच हो," असं म्हणून त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत तीन आकडे लिहिले. नुसते आकडे. छाती, कंबर काही नाही. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला म्हणायला हरकत नाही, फक्त तो तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, शिंपी. आमच्या सूनबाईचे वडील. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो, ते पाचवीपर्यंत. पण माणसाच्या अंगाबद्दल त्यांना जे कळतं ते डॉक्टरला कळत नसेल. मुलाचं लग्न ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. सगळे देण्याघेण्याचं नको, साधंच करू वगैरे बोलत होते, आणि हे गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, झालं, आपलं काहीतरी बिनसलं. निघताना हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रागावू नका, पण तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. आतापर्यंत कुणी तुम्हाला नीट सदरा शिवलेलाच नाही." तीस वर्षं मी लाकडाच्या वखारीत करवतीवर काम केलं, त्यानं तो खांदा उतरला होता. माझ्या बायकोला माहीत नव्हतं. मला स्वतःला माहीत नव्हतं! त्यांनी शिवलेला सदरा घातला, तेव्हा पहिल्यांदा कॉलर मानेवर सरळ बसली. त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या मापाला आव्हान द्यायचं नाही असं ठरवलं. पुढे जे घडलं ते सगळं या ठरवण्यामुळे घडलं.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळ होती, वर पत्रा टाकलेला. सहा फूट रुंद, आत लांबच लांब. तीन मशिनं एकामागे एक, बसमधल्या सीटांसारखी, आणि शेजारी भिंतीला लागून कापायचं टेबल. गिऱ्हाईक आत आलं की माप देऊन तोंड न वळवता मागे मागे चालत बाहेर यायचं. अडतीस वर्षं मास्तर त्या बोळीत बसले. मग मालकानं सांगितलं की ती सगळी रांग पाडायची आहे, महिनाअखेर जागा मोकळी करा.

मास्तरांच्या घराच्या खोल्या दोन. एकीत ते आणि विहीणबाई, दुसरीत स्वयंपाक. मशिनं ठेवणार कुठे? तयार कपड्यांच्या कारखान्यानं त्यांना बोलावणं पाठवलं होतं, दिवसभर काजं तपासायचं काम. आणि जुन्या मशिनांचा एक व्यापारी दोनदा येऊन तिन्ही मशिनांची चाकं फिरवून गेला होता. तिसऱ्यांदा येताना टेम्पो घेऊन येतो म्हणाला. पंधरा दिवसांनंतरच्या गुरुवारचा वायदा. तोपर्यंत मशिनांवर छप्पर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर टेम्पोत.

विहीणबाईंनी मला फोनवर सांगितलं, "हे काही बोलत नाहीत हो. पण काल मधल्या मशिनला तेल घालत बसले होते तासभर. विकायच्या वस्तूला कुणी इतकं तेल घालतं का?"

म्हणून मी बोलावलं त्यांना. त्यांच्या घरामागे मोकळी जागा होती आणि माझ्याकडे वादळात आडव्या झालेल्या नऊ निलगिरी होत्या. शिवाय माझी करवत. निवृत्त झाल्यावर हात शांत बसेनात, म्हणून परसात मी स्वतःच पट्ट्याची करवत उभी केलेली आहे. मोटारीची दोन जुनी चाकं, बंद पडलेल्या पाणीपंपाचं इंजिन, आणि खाली रूळ म्हणून मोडलेल्या लोखंडी पलंगांच्या पट्ट्या. आमची ही म्हणते, "पलंगावर झोपायचं वय झालं, तर हे त्याच्यावर लाकडं कापतात." असो. छपराचे पत्रे दुकानाचेच काढून आणायचे, लाकूड माझं, खड्डे मास्तरांचे. विकत आणायचे फक्त खिळे आणि बोल्ट.

पाया नको, विटांची भिंत नको. जाड खांब तीन फूट जमिनीत गाडायचे, त्यांवर तुळया, तुळयांवर पट्ट्या, पट्ट्यांवर पत्रा. पुढचे खांब उंच, मागचे बुटके, म्हणजे पाणी मागे उतरतं. मी त्यांना काडीनं मातीत काढून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, वहीचं पान फाडलं आणि माझ्या हातात दिलं. वर लिहिलं होतं 'शेड', गिऱ्हाइकाचं नाव लिहावं तसं. खाली: २०, ६, ९, ७॥. आणि त्याखाली: माया ३ बोटं.

ही माया म्हणजे शिवणीसाठी कडेला जास्तीचं कापड सोडतात ती.

मी हसलो. "मास्तर, लाकडाला कसली माया सोडता?"

"धुतल्यावर आटलं तर?"

"लाकूड रुंदीत आटतं, लांबीत नाही आटत."

हे ऐकून मास्तर फारच गोंधळले. "कापड तर लांबीतच जास्त आटतं," ते म्हणाले. मग ओंडक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तरी असू द्या. सवय आहे."

असू दिली. आकडे मी लावले. लांबी वीस, रुंदी सहा, पुढची उंची नऊ, मागची साडेसात. आमची ही पान बघून म्हणाली, "अहो, सहा फूट? एवढी मोकळी जागा आहे त्यांच्याकडे, आणि सहाच फूट? विचारा ना एकदा."

"व्याह्यांना विचारायचं? तुम्हाला माप घेता येतं का म्हणून?"

"तसं नाही हो..."

"बोळीची सवय आहे त्यांना. अडतीस वर्षं सहा फुटांत काढलीत. मोकळ्या जागेत त्यांना शिवताच येणार नाही."

हे मला इतकं पटलं की मी पुढे विचारच केला नाही. सहा खांब सोलले, गाडायच्या टोकांना विस्तवावर भाजून काळं केलं म्हणजे वाळवी लागत नाही, आणि पुढे पाठवून दिले. मग करवत लावली. निलगिरीचं लाकूड भलतंच मानी. एका बाजूनं कापलं की रुसल्यासारखं वाकतं. म्हणून एक फळी इकडून काढायची, मग ओंडका उलटा करून एक तिकडून, दोन्हीकडची मनधरणी करत. दहा दहा फुटांच्या चार लांब तुळया काढल्या, दोन पुढच्या खांबांवर, दोन मागच्या. भिंतीच्या फळ्या निघाल्या. पुढून मागे जाणाऱ्या आडव्या तुळयांसाठी तीन चांगले ओंडके राखून ठेवले होते, प्रत्येकी तेरा फुटांचे. ते मी माझ्या हातानं मधोमध कापले. सहा फूट तीन बोटं मोजून तीन तुळया केल्या. उरलेले तीन तुकडे न्हाणीघराकडे टाकले. ही म्हणाली, त्याचं बसायला बाकडं करा.

शुक्रवारी टेम्पोत माल भरून मी मास्तरांकडे पोहोचलो. घराला वळसा घालून मागे गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

सहाही खांब उभे होते. ओळंबा लावून, अगदी सरळ, बुडाशी खडी ठोकून. तीन पुढे, तीन मागे. आणि पुढच्या खांबांपासून मागचे खांब बारा फुटांवर!

मला काही कळेना. पावलं टाकून बघितलं. बाराच. आता या माणसानं अर्धा इंच उतरलेला खांदा दहा हातांवरून ओळखला, तो खड्डे सहा फूट चुकवेल? पण चुकवलेत हे डोळ्यांना दिसत होतं. बोलायचं कसं? मास्तर घामानं भिजलेले, तळहाताला फोड आलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी गिळलं सगळं.

"खांब सुरेख उभे राहिलेत, मास्तर."

"तुमचं लाकूड सरळ, म्हणून." ते टेम्पोपाशी आले. आडवी तुळई हातात घेतली. एका टोकाकडे बघितलं, दुसऱ्या टोकाकडे बघितलं. गळ्यातल्या टेपला हात गेला, पण टेप काढली नाही. "काय गुळगुळीत कापलंय हो," म्हणाले. "हात फिरवत राहावं."

"करवतीला नवा पट्टा लावला ना."

"तरीच."

मग आम्ही दोघं चहा प्यायला आत गेलो. दोघंही पावसापाण्याचं बोललो. दोघांच्याही कपात चहा तसाच राहिला. विहीणबाई एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. "काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

"छे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

माल उतरवून मी घरी आलो ते डोकं धरून. ही म्हणाली, "विचारलंत का?"

"काय विचारू? खड्डे चुकलेत म्हणून? बिचाऱ्यानं हाताला फोड येईतो खणलंय."

"मग आता?"

मी ठरवलं की गुपचूप बारा फुटांच्या नव्या तुळया कापून न्यायच्या आणि म्हणायचं, मीच चुकलो. पण लाकूड कुठे होतं? सगळे चांगले ओंडके कापून झाले होते. कुंपणापाशी तीन वेडेवाकडे तेवढे उरले होते, बारा फुटांचे, कुबड आल्यासारखे. शनिवारचा सगळा दिवस मी त्यांना करवतीवर इकडून ठेवून बघितलं, तिकडून ठेवून बघितलं. त्यांतून सरळ तुळई निघेना. निघणार नाही हे मला सकाळीच कळलं होतं, तरी संध्याकाळपर्यंत ठेवतच होतो. शेवटी म्हटलं, तिथे नेऊ, काहीतरी सुचेल.

रविवारी सूनबाईला सुट्टी. ती म्हणाली, "आप्पा, मीही येते. बाबांना भेटून दिवस झाले."

आम्ही गेलो, आणि मी पुन्हा जागच्या जागी थांबलो. पुढच्या आणि मागच्या रांगांच्या बरोबर मधोमध तीन नवे खड्डे खणलेले होते. मास्तर तिसऱ्या खड्ड्यात कमरेइतके उभे. डोक्यावर टोपी, गळ्यात टेप, हातात कुदळ. मला बघून त्यांचा चेहरा असा झाला, जसा चोरून गोड खाताना पकडल्यावर होतो.

"हे काय, मास्तर?"

"काही नाही, सहज," ते म्हणाले. "आणि ते टेम्पोत काय?"

"काही नाही, सहज."

सूनबाईनं कमरेवर हात ठेवले. "सहज कुणी तीन खड्डे खणतं? आणि सहज कुणी तीन ओंडके फिरवतं? बाबा, आधी तुम्ही बोला."

मास्तर खड्ड्यातूनच बोलले, मान खाली घालून. "अगं, यांच्याकडून तुळया आखूड कापल्या गेल्या. होतं असं एखाद्या वेळी. मोठा माणूस, इतकं लाकूड दिलंय, त्यांना कसं सांगायचं? म्हटलं मागचे खांब काढून मधे आणू, छप्पर लहान करू. त्यांना कळणारही नाही."

"मी आखूड कापल्या?" माझा आवाजच फुटला. "तुम्हीच खड्डे लांब खणलेत! मी म्हटलं व्याह्यांना कशाला दुखवा, म्हणून मी हे कुबडे घेऊन..." आणि मी खिशातलं ते पान काढलं. "हे बघा, तुमच्याच हाताचं. सहा!"

"सहाच लिहिलंय मी," मास्तर म्हणाले.

"मग बारा का खणलंत?"

"बाराच पाहिजे म्हणून!"

सहा लिहिलंय आणि बारा पाहिजे! मी ओंडक्यावर बसलो. मला वाटलं, या वयात डोकं असंच चालेनासं होत असणार, आणि आता दोघांचंही एकदम झालं.

सूनबाईनं पान माझ्या हातातून घेतलं. बघितलं. आणि अशी हसत सुटली की विहीणबाई पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या. "बाबा! अहो, तुम्ही घडीचं माप लिहिलंत!"

"मग कसलं लिहिणार?" मास्तर खरंच चकित होऊन म्हणाले.

तेव्हा मला कळलं, तेही सूनबाईनं पदराची घडी घालून दाखवलं तेव्हा. शिंपी कापड उभं दुमडतो आणि दोन पदरांवर एकदम कात्री चालवतो. म्हणून रुंदी नेहमी निम्मीच लिहायची, दुसरा निम्मा भाग घडी उलगडली की आपोआप येतो. लांबी दुमडत नाही, ती पुरी लिहायची. पन्नास वर्षं ज्या हातानं असंच लिहिलं, त्या हातानं शेडची रुंदीही दुमडून लिहिली. जमिनीवर खणताना मात्र घडी उलगडली, कारण जमीन काही दुमडता येत नाही.

"पण लाकूड उलगडत नाही हो, मास्तर!" मी म्हटलं.

"हे मला कसं सुचलं नाही?" ते खड्ड्यातच मटकन बसले. आता टोपीही दिसेना. आतून आवाज आला, "चार दिवस राहिले. देऊन टाकतो मशिनं. माझ्याच हातानं घालवलं मी."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. मी त्या खड्ड्याकडे बघत बसलो. मग शेजारच्या खड्ड्याकडे, मग तिसऱ्या. तीन खड्डे. मधोमध. आणि माझ्या बुडाखाली तीन ओंडके, बारा बारा फुटांचे.

"मास्तर," मी म्हटलं, "पाठीचं कापड अपुरं पडलं तर काय करता?"

आत कुदळ खडखडली. मग टोपी वर आली. मग डोळे. "मधे शिवण घालतो," ते म्हणाले. "दोन तुकडे..." आणि खड्ड्यातून असे बाहेर आले की मला त्यांचं वय विसरायला झालं. "पण आडव्या तुळया तीनच आहेत. सहा लागतील!"

"न्हाणीघरापाशी तीन पडल्यात. त्याच ओंडक्यांचे दुसरे निम्मे. हिचं बाकडं करायचं राहिलंय."

माझी बायको पुढे म्हणाली, आयुष्यात एकदा तुमचा आळस कामाला आला.

सोमवारी मी ते तीन तुकडे चौरस करून आणले. कुबडे ओंडके मधल्या खड्ड्यांत उभे केले. उभ्या खांबाला कुबड चालतं, वरचं टोक ओळंब्यात आलं की झालं. पुढून एक तुळई, मागून एक तुळई, दोन्हींनी मधल्या खांबाच्या डोक्यावर यायचं. तिथे मी धास्तावलो. नेमक्या सहा सहा फुटांच्या असत्या तर टोकाला टोक कसंबसं लागलं असतं, टेकायला जागाच नाही. पण या होत्या सहा फूट तीन बोटं. दोघी एकमेकींच्या शेजारून तीन तीन बोटं पुढे गेल्या, आणि आरपार बोल्ट बसला. मी शिडीवर, मास्तर खाली पाना धरून उभे.

"बसली का?"

"बसली."

"माया होती म्हणून," ते म्हणाले. बुधवार संध्याकाळपर्यंत हे वाक्य मी निदान अकरा वेळा ऐकलं.

बाजूच्या फळ्याही अर्थातच निम्म्या निघाल्या. एका बाजूला जुन्या दुकानाची सहा फुटी दारं आणून लावली, ती जणू मापानं केल्यासारखी बसली. दुसऱ्या बाजूला सालीसकट उरलेल्या कडेच्या फळ्या ठोकल्या. मशिनं बुधवारीच आणली. मधल्या खांबांच्या एका बाजूला तिन्ही मशिनं, दुसऱ्या बाजूला कापायचं टेबल, आणि भोवती फिरायला जागा. मास्तर टेबलाभोवती एक चक्कर मारून आले, मग उलटी मारून आले. अडतीस वर्षांत त्यांना टेबलाच्या पलीकडे जाता आलं नव्हतं.

गुरुवारी व्यापारी टेम्पो घेऊन आला. दारातून आत आला आणि सवयीनं एका अंगानं सरकू लागला, मग गोंधळून थांबला, कारण सरकायची गरज नव्हती. "मशिनं?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी मशिनमधून मान वर केली. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचा डावा पाय जरा आखूड आहे," ते म्हणाले. "म्हणून पँटची एक बाजू चालताना घासते. खरं की नाही?"

तो खाली बघत राहिला. घासलेली होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"इकडे उभे राहा."

बिचारा उभा राहिला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि वहीत आकडे लिहू लागले. मी खांद्यावरून वाकून बघितलं. सहा आकडे. त्यांतले कुठले पुरे आणि कुठले दुमडलेले, मला अजून सांगता येत नाही. परवा त्यांनी मला फळीच्या मांडणीचं माप पाठवलं. मी ताबडतोब फोन केला.

"मास्तर, हे उलगडलेलं आहे ना?"

"अहो, उलगडलेलंच."

"नक्की?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग हळूच, "थांबा, एकदा मुलीला विचारतो."